हेतूची पारख : मुंबईतील मराठी ख्रिस्ती उपासना व सेवा (१८३९–१९१९)

धर्मांतराच्या इतिहासात ‘हेतू’ हा अत्यंत वादग्रस्त आणि तितकाच दुर्लक्षित विषय होय. मुंबईतील एतद्देशीय ख्रिस्ती लोकांविषयी दोन परस्परविरोधी मते एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहेत. मिशनच्या बाजूच्या लेखनात दीक्षित मनुष्य सत्याचा निःस्वार्थ शोधक म्हणून दिसतो. प्रतिपक्षाच्या लेखनात तोच पोटासाठी बाटलेला ठरतो. माणसाच्या अंतःकरणात शिरण्याचे साधन इतिहासकाराजवळ नाही. तथापि त्याने काय सोडले, काय स्वीकारले आणि त्याचा निर्वाह कशावर चालला, या गोष्टी तपासता येतात.

डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि गिरगावातील आंब्रोळी हे पुढे स्कॉटिश मिशनच्या कार्याचे एक प्रमुख ठाणे बनले. १८३९ साली धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात मोठाच प्रक्षोभ उसळला. पालकांनी आपली मुले विल्सन यांच्या शाळेतून काढून घेतली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. धनजीभाईंना समज आलेली आहे असे मानून कोर्टाने कोठे राहावयाचे हे ठरविण्याची मोकळीक त्यांना दिली. कोर्टाने येथे पाहिले ते स्वातंत्र्य. निर्णय कोणाच्या दडपणाखाली घेतलेला नाही ना, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न होता. तो कोणत्या भावनेने घेतला, हा प्रश्न कोर्टाच्या कक्षेबाहेरचा होता.

१८४३ च्या शेषाद्री प्रकरणात ही मर्यादा अधिकच स्पष्ट झाली. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्याकडे राहत होता. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी अज्ञान मुलावर पित्याचा हक्क मान्य करून त्याचा ताबा वडिलांकडे दिला. परंतु घरी परतलेल्या श्रीपतीला जातीचे दार बंद झाले होते. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. ज्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता, त्या मुलाची ही गत. मग दीक्षित मनुष्याने काय गमावले असेल, हे निराळे सांगावयास नको.

या ठिकाणीच प्रस्तुत विषयातील खरा पेच दृष्टोत्पत्तीस येतो. धर्मांतर करणाऱ्यास घर, ज्ञाती आणि व्यवसाय यांवर पाणी सोडावे लागे. वारसाहक्काला संरक्षण देणारा कायदा १८५० साली झाला खरा. परंतु तुटलेले व्यवहार कायद्याने जुळत नाहीत. अशा मनुष्यास शिक्षक, उपदेशक वा पाळक म्हणून मिशनच्या वेतनाचा आश्रय घ्यावा लागे, आणि मग तेच वेतन त्याच्या लोभाचा पुरावा म्हणून पुढे केले जाई. म्हणजे जो त्याग प्रामाणिकपणाची साक्ष होता, त्याच त्यागातून संशयाचे कारण निर्माण झाले. नारायण शेषाद्री १८५४ साली पाळक झाले आणि पुढे जालन्याजवळ बेथेल येथे त्यांनी महार-मांग समाजात काम केले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या मनुष्याने पत्करलेली ही सेवा केवळ वेतनाने उलगडत नाही. उलट, ज्यांना गावात मान नव्हता अशांना सन्मानाची आस लागली असेल, तर तिला अशुद्ध हेतू कसे म्हणावे?

हा पेच स्वतःच्या आयुष्यात सोडविण्याचा प्रयत्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केला. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यामुळे संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्या श्रद्धेत सहभागी झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथेत या वियोगाची हकीकत आली आहे. टिळकांनी दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. अभंग, भजन आणि कीर्तन यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. कारण उसन्या सुरात मनापासून प्रार्थना होत नाही, अशी त्यांची धारणा होती. १९१७ साली मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही प्रवेश होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. प्रयोगास जेमतेम दोन वर्षे मिळाली.

टिळकांच्या त्यागावरून वेतन घेणारे सारे अप्रामाणिक होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. स्वतः टिळकांनीही ते वेतन दीर्घकाळ घेतले होते. त्यांनी दाखविले ते इतकेच की, सेवेच्या हेतूविषयीचा संशय युक्तिवादाने फिटत नाही. सेवेची व्यवस्थाच बदलावी लागते. कोर्टाने स्वातंत्र्य पाहिले, ज्ञातीने आचार पाहिला, मिशनने श्रद्धेची कबुली पाहिली. हेतू या तिन्ही कसोट्यांच्या पलीकडे राहिला. तो ज्या दिनक्रमात प्रकट झाला, त्या दिनक्रमाचा शोध घेणे हेच संशोधकाचे काम होय.