चिकूच्या वाडीतला चपटा कृमी: परका की इथलाच? कसं ओळखायचं?

पावसाळ्यात घोलवड-बोर्डीकडच्या एखाद्या चिकूच्या वाडीत ओली कुंडी उचलावी आणि खाली रिबिनीसारखा चपटा, चिकट, पंख्यासारखं डोकं असलेला जीव सरकताना दिसावा. कुणाला ते सापाचं पिल्लू वाटतं, कुणाला जळू. दोन्ही वेळा हात विळ्याकडे जातो आणि तिथेच चूक होते. या जीवाचे दोन तुकडे केले, तर अनेकदा दोन जीव तयार होतात.

हा आहे तरी कोण?

हा जमिनीवर राहणारा चपटकृमी. तो कीटक नाही आणि गांडूळही नाही. गांडुळाच्या अंगावर कड्या असतात, याच्या अंगावर एकही नसते. जळूला दोन्ही टोकांना चूषक असतात आणि ती अंगाची कमान करत चालते. हा मात्र पोटाखालच्या चिकट स्रावावरून सरळ घसरत जातो. त्याचं तोंडही डोक्यात नसून पोटाच्या मधोमध असतं. तिथून घशाची नळी बाहेर काढून तो भक्ष्य विरघळवतो आणि शोषून घेतो. हे भक्ष्य म्हणजे मुख्यतः गांडुळं, गोगलगायी आणि मातीतले इतर छोटे जीव.

जगभर फिरलेले दोन पाहुणे

सगळ्यात प्रसिद्ध आहे बायपॅलियम क्यूवेन्स. लंडनच्या क्यू गार्डन्समधल्या काचघरात तो सापडला आणि १८७८ मध्ये मोझली यांनी त्याला नाव दिलं. मूळचा तो आग्नेय आशियातला. काचघरात पोहोचला तो बहुधा रोपांच्या मातीतून. आज तो अनेक खंडांत आहे. फिकट तपकिरी अंग, पाठीवर पाच गडद उभ्या रेषा, मानेजवळ अर्धवट गडद पट्टा आणि कधी ३० सेंटीमीटरपर्यंत लांबी, ही त्याची खूण. तो शेपटीचा तुकडा मागे सोडतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्या तुकड्याला डोकं फुटतं.

दुसरा न्यू गिनीचा प्लॅटिडेमस मॅनोक्वारी. तो पाच-सहा सेंटीमीटरचा, काळपट, पाठीवर मधोमध एकच फिकट रेषा, निमुळतं डोकं आणि दोन ठळक डोळे असलेला. मुंबईत पावसाळ्यात भिंतींवर चढणारी आफ्रिकी राक्षसी गोगलगाय आपल्याला माहीत आहे. तिला संपवण्यासाठी पॅसिफिकमधल्या काही बेटांवर हा कृमी मुद्दाम सोडला गेला. त्याने तिथल्या स्थानिक गोगलगायीही फस्त केल्या. उपाय म्हणून आणलेला हा जीव आज जगातल्या १०० सर्वांत वाईट आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे.

गांडूळ गेलं तर काय?

उत्तर आयर्लंडमध्ये १९६३ साली न्यूझीलंडचा एक चपटकृमी आढळला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्याच्यामुळे गवताळ शेतातल्या गांडुळांचं एकूण वजन सुमारे २० टक्क्यांनी घटू शकतं. खोल बिळं करणाऱ्या मोठ्या गांडुळांना तर त्याहून मोठा फटका बसतो. ती प्रजाती थंड हवेतली आहे, डहाणूत ती टिकणार नाही. पण गांडूळखताचे बेड राखणाऱ्या कुणालाही या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. त्यामुळे कारखान्यांवर बंधनं आली. नर्सरीतून येणाऱ्या कुंडीतल्या मातीला मात्र ती बंधनं अडवत नाहीत. आणि तलासरीतून तर थेट मुंबई-अहमदाबाद महामार्गच जातो.

डोकं बघून निकाल लावू नका

हातोड्यासारखं डोकं दिसलं म्हणजे परदेशी, असं समीकरण सोशल मीडियावर झटकन मांडलं जातं. ते चुकीचं आहे. भारतात आणि श्रीलंकेत या गटाच्या मूळच्या प्रजाती आहेत. परका समजून आपलाच जीव मारला, असंही होऊ शकतं.

ओळख पटवणं अभ्यासकांनाही सोपं जात नाही. जुन्या पद्धतीत शरीराचे पातळ काप करून प्रजननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण तुकड्यांतून वाढणाऱ्या कृमींमध्ये ती इंद्रियं बऱ्याचदा तयारच झालेली नसतात. शेवटी २००२ मध्ये, ज्यांची ही रचना माहीतच नाही अशांसाठी, डायव्हर्सिबायपॅलियम हा वेगळा कप्पाच करावा लागला! आता डीएनए मदतीला येतो. फ्रान्स आणि इटलीतल्या बागांत सापडलेल्या एका काळ्या हातोडा-कृमीला २०२२ मध्ये हंबर्टियम कोविडम हे नाव मिळालं, तेही जनुकीय अभ्यासाच्या आधारे.

तुम्हाला दिसला तर?

आधी फोटो काढा: सरकताना पूर्ण लांबीचा, डोक्याचा जवळून आणि उलटा करून पोटाचा. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. तारीख, गाव आणि तो कुंडीखाली होता की खताच्या बेडमध्ये, हे लिहून ठेवा. हातमोजे घाला किंवा काडीने उचला, कारण बायपॅलियमच्या दोन प्रजातींत टेट्रोडोटॉक्सिन हे पफर माशातलं विष सापडलं आहे. कोंबड्या आणि कुत्र्यांनाही दूर ठेवा.

नमुना अभ्यासाला द्यायचा असेल तर अख्खा कृमी उकळत्या पाण्यात टाकून मग ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. फॉर्मलिन वापरलं तर डीएनए खराब होतो. नमुना कुठे द्यायचा याची चौकशी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पुण्यात आकुर्डीला असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या कार्यालयात करता येईल. तोवर ज्या कुंडीखाली तो सापडला, ती कुंडी आणि तिची माती दुसऱ्या वाडीत नेऊ नका.