टिन कॅन मेल

टिन कॅन मेल : टोंगा देशातील निऊआफोऊ या ज्वालामुखी बेटावर पोहणाऱ्यांच्या साहाय्याने टपाल पोहोचवण्याची पद्धत, तसेच या मार्गाने गेलेली टपाल पाकिटे. पॅसिफिक महासागरातील दूरच्या बेटांचा टपाल इतिहास जमवणाऱ्या संग्राहकांत ही पाकिटे सर्वांत प्रसिद्ध आहेत. नुसत्या तिकिटांचा संग्रह वेगळा आणि पाकिटांचा वेगळा. पाकिटावर तिकीट, टपालाचा शिक्का, पत्ता, बोटीच्या मोहरा आणि मागच्या बाजूला वाटेतील कचेऱ्यांचे शिक्के असतात. त्यांच्यावरून पत्राची वाट मांडता येते, आणि जाणता संग्राहक पैसे मोजतो ते या वाटेसाठी.

निऊआफोऊ हे टोंगाचे अगदी उत्तरेकडचे बेट, फिजी आणि सामोआ यांच्या मधले. बुडालेल्या ज्वालामुखीचा काठ तेवढा पाण्यावर राहिलेला आहे. मध्ये मोठे सरोवर आणि बाहेरच्या अंगाला लाव्हाचे उभे कडे. बोट नांगरावी अशी जागा नाही. खोबऱ्याच्या व्यापारासाठी तेथे राहिलेल्या विल्यम ट्रॅव्हर्स याने १८८२ मध्ये तोडगा काढला. जाणाऱ्या बोटीने बेटाचे टपाल बिस्किटांच्या डब्यात झाळून समुद्रात टाकावे आणि बेटावरच्या माणसाने पोहत जाऊन ते आणावे, अशी व्यवस्था त्याने करवून घेतली. बेटावरून जाणारी पत्रे तेलकट कागदात गुंडाळून काठीच्या टोकाला बांधत. पोहणारा लाकडाच्या लांब सोटाचा आधार घेऊन बोटीपर्यंत जाई. सारी जोखीम टोंगन पोहणाऱ्यांची होती. त्यांतील फार थोड्यांची नावे कागदावर राहिली, ही या इतिहासातील मोठी उणीव आहे. चार्ल्स स्टुअर्ट रॅम्से या व्यापाऱ्याचे नाव मात्र सर्वत्र आढळते, कारण टपालासाठी पोहणाऱ्यांत तो युरोपीय होता आणि पुढे त्याने बेटाविषयी पुस्तकही लिहिले.

१९३१ मध्ये एका पोहणाऱ्याला शार्कने मारले. त्यानंतर टोंगाच्या राणी सालोटे यांनी पोहून टपाल आणण्यास बंदी घातली आणि हे काम होड्यांकडे गेले. त्यामुळे १९३१ पूर्वीचे पाकीट आणि नंतरचे पाकीट यांत संग्राहक स्पष्ट फरक करतात. पहिले पोहून आलेले, दुसरे होडीतून आलेले. नाव मात्र दोन्हींना टिन कॅन मेल असेच.

या पाकिटांना जगभर नेले ते वॉल्टर जॉर्ज क्वेन्सेल या जर्मन व्यापाऱ्याने. तो बेटावर दुकान चालवत असे. पाकिटांवर टिन कॅन मेल अशा अक्षरांच्या रंगीत रबरी मोहरा मारण्यास त्याने सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९३० च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी अमेरिका आणि न्यूझीलंड येथील शास्त्रज्ञांची पथके बेटावर उतरली. त्यांच्या वृत्तांतांमुळे बेटाचे नाव वर्तमानपत्रांत झळकले आणि संग्राहकांची मागणी वाढली. पुढे प्रवासी बोटीही वाट वाकडी करून बेटाजवळ थांबू लागल्या. जांभळ्या, तांबड्या, हिरव्या मोहरांनी भरलेली जी पाकिटे आज बाजारात सहज दिसतात ती बहुतेक याच काळातली.

क्वेन्सेलच्या पाकिटांना काही जाणकार कृत्रिम म्हणून बाजूला सारतात. हा निवाडा एकांगी आहे. ती संग्राहकांसाठी तयार झाली हे खरे. पण ती त्याच कड्यांखालून, त्याच लाटांतून गेली, आणि त्या उत्पन्नाने बेटाचा जगाशी संबंध टिकला. मात्र दुर्मिळतेचा विचार केला तर साधे, मोहरांचा भडिमार नसलेले, कामकाजाच्या किंवा घरगुती मजकुराचे जुने पत्र कितीतरी वरचढ ठरते. असे पाकीट बेटाचा शिक्का, तारीख आणि बोटीचे वेळापत्रक जुळवूनच ओळखावे लागते.

१९२९ च्या उद्रेकात फुटू हे गाव गेले. सप्टेंबर १९४६ मध्ये अंगाहा हे मुख्य गाव सरकारी इमारतींसह लाव्हाखाली गडप झाले आणि त्या वर्षअखेर साऱ्या रहिवाशांना बेटाबाहेर हलवण्यात आले. लोक १९५८ पासून परतू लागले. त्यामुळे मधल्या वर्षांची तारीख दाखवणारे पाकीट हाती आले तर संशय घेणे हेच शहाणपण. १९८३ मध्ये बेटावर धावपट्टी झाली, डब्याची गरज संपली आणि त्याच वर्षी निऊआफोऊची स्वतंत्र तिकिटे निघाली.

अशीच गोडी पिटकेर्न बेटाच्या पाकिटांना आहे. तेथेही बंदर नाही. होड्या वल्हवत जाऊन थांबलेल्या बोटीवर पत्रे चढवत. पनामा कालवा खुला झाल्यावर न्यूझीलंडच्या वाटेवरील बोटी तेथे थांबू लागल्या. १९२० च्या दशकात बेटावर तिकिटेच नसल्याने तसा मजकूर असलेली मोहर मारून पत्रे रवाना होत. १९२७ पासून न्यूझीलंडची तिकिटे वापरात आली आणि १९४० मध्ये बेटाची स्वतःची तिकिटे निघाली. तिकिटांविना गेलेली ती पाकिटे आज संग्राहक जिवापाड जपतात. गालापागोसमधील फ्लोरिआना बेटावर तर देवमाशांच्या शिकाऱ्यांनी ठेवलेले पिंपच टपालपेटीचे काम करी. अमेरिकी नौदलाचा कप्तान डेव्हिड पोर्टर याने १८१३ मध्ये त्यातील पत्रे चाळून ब्रिटिश शिकारी जहाजांचा माग काढला होता. अशा पत्रावर तिकीट नाही, शिक्का नाही. मजकूर हाच पुरावा.

अशा बेटांवरच्या पाकिटांचा कागद दमट हवेत राहिलेला असतो आणि त्यावर तपकिरी डाग पडतात. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या पावसाळ्यात ते आणखी पसरतात. म्हणून पाकिटे आम्लरहित कागदात, कोरड्या जागी, एकमेकांवर न दाबता ठेवावीत. डाग घालवण्यासाठी ती धुऊ नयेत आणि तिकीट सोडवण्यासाठी कोपरा कधीही कापू नये. कापलेल्या पाकिटाचा प्रवास पुन्हा सिद्ध करता येत नाही.