इंदूरचा खड्डा आणि ताटातली भाजी

आमच्या इंदुरी मराठी घरांत भाजीचा हिशेब सणावारांनी ठेवला. ऋषिपंचमीला अळू, लाल भोपळा, दोडका, सुरण, मक्याचं कणीस यांची तेल-मसाल्यावाचूनची भाजी. भोगीला वांगं, गाजर, ओला हरभरा, वालाच्या शेंगा आणि वर तीळ. त्यात माळव्याची गिलकी आणि गराडू येऊन मिळाले. आता हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेत सांगते की ताटाचा जवळपास अर्धा भाग भाज्या, फळं आणि कंदमुळांचा असावा. सल्ला अगदी योग्य आहे. पण ही भाजी कोणत्या मातीत वाढली, हा त्याच्या आधीचा प्रश्न आमच्याच गावात शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि हा इतिहास प्रत्येक वर्गाला आवर्जून सांगितला.

१९२४मध्ये होळकर दरबारानं दिलेल्या ३०० एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय तिथलंच. संस्थेचं मुख्य काम कापसाचं आणि संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. त्याआधी ते १९०५ पासून बिहारमधल्या पुसाला होते. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि संशोधन दोघांचं मिळून चाले. क्वेट्ट्याच्या केंद्रात त्यांनी फळं न नासता दूरच्या बाजारात पोचावीत म्हणून पेट्यांचे प्रयोग केले, पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी भाज्या वाळवण्याच्या पद्धतीही बसवल्या.

इंदुरात त्यांना भेडसावला तो खताचा प्रश्न. शेण गोवऱ्यांत जळत होतं आणि कापसाच्या पऱ्हाट्या चुलीत. मग शेताला काय उरणार? हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी यावर खड्ड्याची पद्धत बसवली. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोल फक्त २ फूट, कारण आत हवा खेळायला हवी. पऱ्हाट्या फार चिवट, म्हणून त्या शेतावरच्या रस्त्यावर अंथरत. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडून निघत. मग काडीकचरा, पाला आणि तण यांचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, थोडी राख आणि पाणी. साधारण पंधरवड्यानं पहिल्यांदा ढीग परतायचा, महिन्यानं दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत हाती येई, आणि विकत काहीच आणावं लागत नसे. १९३१मध्ये हॉवर्ड आणि वाड यांचं या पद्धतीवरचं पुस्तक निघालं आणि ‘इंदूर पद्धत’ चहा-कॉफीच्या मळ्यांपासून इंग्लंडच्या भाजीबागांपर्यंत गेली. गॅब्रिएल यांचं मात्र १९३०मध्येच निधन झालं होतं. १९३५च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेले गांधीजी हे काम पाहायला मुद्दाम संस्थेत गेले.

त्याच काळात दक्षिणेत कुन्नूरला डॉक्टर रॉबर्ट मॅककॅरिसन उंदरांना भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण खाऊ घालून पाहत होते. ज्यांना जाड्या पिठाची पोळी, डाळ, दूध, लोणी आणि ताज्या भाज्या मिळाल्या, ते सगळ्यांत निरोगी निघाले. हैदराबादची पोषण संस्था याच प्रयोगशाळेतून वाढली. १९३९मध्ये इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातल्या डॉक्टरांनी सभा बोलावली, तेव्हा मॅककॅरिसन आणि हॉवर्ड हे दोघंही तिथे बोलले. एकानं आहाराबद्दल सांगितलं, दुसऱ्यानं मातीबद्दल. निरोगी मातीतून निरोगी पीक आणि त्यातून निरोगी माणूस, हे हॉवर्ड यांचं म्हणणं विज्ञानानं जसंच्या तसं मान्य केलेलं नाही. मला मात्र त्यातला एक भाग पक्का वाटतो: मातीकडून घेतलेलं तिला परत केलं नाही, तर ती फार दिवस भाजी देणार नाही.

इंदूरला परत करण्याची सवय आता लागली आहे. ओला कचरा वेगळा द्यायचा, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक असतं. चोइथराम मंडीतल्या सडक्या भाजी-फळांपासून गॅस होतो आणि २०२२मध्ये देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा प्रकल्प सुरू झाला. पण गाडीत टाकलेल्या देठांचं पुढे काय होतं, ते मुलांच्या नजरेआड राहतं. भाजी खा म्हणून त्यांच्या मागे लागणारे आपण, ती कशातून उगवते हे त्यांना दाखवत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. इंदूरच्या प्रत्येक शाळेत एक लहानसा खड्डा आणि शेजारी मेथी-पालकाचा एक वाफा असावा. जूनमध्ये भरलेल्या खड्ड्याचं खत सप्टेंबरात निघतं, आणि त्यावर पेरलेली मेथी दिवाळीच्या सुट्टीआधी खुडता येते. डब्यातलं देठ खत होऊन पुन्हा पानात आलेलं ज्या मुलानं स्वतःच्या हातांनी अनुभवलं, त्याच्या ताटात भाजी वाढताना आर्जव करावं लागणार नाही, अशी माझी खात्री आहे.