खुडूक आणि दफ्तर

निजामी अमदानीत मराठवाड्यातल्या मुरुडच्या मुलखातील जमिनीचा तुकडा, विहीर आणि वतनदाराचा हक्क यांची कोठे ना कोठे नोंद होई. आणि पहिल्या सालारजंगांनी 1865 मध्ये जिलाबंदी करून तालुकदार, तहसीलदार यांची उतरंड बसविल्यानंतर तर कागदाचा हा पसारा गावच्या चावडीपर्यंत येऊन पोहोचला. परंतु परसातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दाण्यापाण्याची शुद्ध हरपून 21 दिवस अंड्यांवर बसून राहणाऱ्या कोंबडीसाठी त्या दफ्तरात रकाना नव्हता. गरिबाच्या घरचे मीठमिरची जिच्या पोटाखालून येत असे, तिचा इतिहास म्हणूनच कागदात शोधून उपयोग नाही. तो बायकांच्या बोलण्यात आणि चालीरीतींत शोधावा लागतो.

अंडी घालण्याचे थांबवून, पिसे फुलवून, घोगऱ्या आवाजात कुरकुरत एका जागी ठाण मांडणाऱ्या कोंबडीला आपण ‘खुडूक’ म्हणतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या प्रोलॅक्टिन नावाच्या द्रव्याचा हा प्रभाव आहे, असे शरीरशास्त्र सांगते. घरच्या कारभारणीला मात्र तिच्या नुसत्या बसण्यावरून ते कळे. पिल्ले नको असली तर ती कोंबडीला गार पाण्यात बुचकळून काढी, किंवा तिच्या नाकपुड्यांतून पीस ओवी. पिल्ले हवी असली तर टोपलीत भुसा किंवा राख पसरून, जोंधळ्यात जपून ठेवलेली दहा-बारा अंडी तीत मांडी आणि दिवेलागणीनंतर कोंबडीला अलगद वर बसवी. हा उद्योग शक्यतो हिवाळ्यातला. वैशाखातल्या उन्हात मराठवाड्याची हवाच अंडे अर्धवट उबवू लागते, आणि असे धड ना कच्चे, धड ना उबलेले अंडे पुढे कोंबडीखाली ठेवूनही नासते. हे गणित शाळेत न शिकलेल्या बाईला पक्के ठाऊक होते. सात-आठ दिवसांनी कंदिलासमोर अंडे धरून आत लाल शिरांचे जाळे दिसते की नाही, हे पाहिले जाई. ज्यात काही दिसले नाही ते अंडे चुलीकडे जाई.

अंड्यांच्या जोडीने टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवण्याची चाल होती, कारण मेघगर्जनेने अंडी नासतात असा समज होता. या समजुतीला अडाणीपणा म्हणून हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नामक रोमन ग्रंथकाराने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात गडगडाटापासून अंडी वाचविण्यासाठी लोक घरट्यात लसणाचे गड्डे आणि लोखंडी खिळे ठेवतात, अशी नोंद आहे. त्याच शतकात, मुरुडपासून बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर असलेले तेर, म्हणजे तेव्हाचे तगर, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात व्यापारपेठ म्हणून गाजत होते आणि तेथील माल गाड्यांवरून भडोचला जात होता. त्या गाड्यांबरोबर ही समजूत आली किंवा गेली, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा लागतो.

धर्मशास्त्राने या पक्ष्याला मानाचे पान कधीच दिले नाही. मनुस्मृतीने गावातला कोंबडा द्विजांना अभक्ष्य ठरविला, आणि त्यामुळे खुराडे हे मळ्यातल्या, वस्तीवरच्या, गावकुसाबाहेरच्या घरांचे धन होऊन राहिले. त्यातही ते बायकांचे. जमीन धन्याची, बैल धन्याचा, पण अंड्यांच्या पैशाचा हिशेब सहसा कोणी विचारीत नसे. जिच्याजवळ कोंबडी नाही तिने शेजारणीची कोंबडी अर्धेलीने सांभाळावी आणि निघालेली पिल्ले निम्मी-निम्मी वाटून घ्यावीत, असा तोंडी करार चाले. त्याला ना स्टँप लागे, ना साक्षीदार.

सरकारला कोंबडी आठवे ती दौऱ्याच्या वेळी. अंमलदाराचा मुक्काम पडला की रसद गोळा होई आणि तीत कोंबड्या-अंडी ओघानेच येत. वेठीचा हा प्रकार हैदराबाद संस्थानात किती खोल मुरला होता हे सर्वश्रुत आहे. त्यात खुडूक बसलेली कोंबडी उचलली गेली तर एका कोंबडीचे नव्हे, आख्ख्या हंगामाचे नुकसान होई. दुसरे संकट रोगाचे. 1927 मध्ये कुमाऊंतील राणीखेत येथे आढळल्यावरून ज्याला ते नाव पडले, त्या रोगाला आमच्याकडे ‘मानमोडी’ म्हणतात. तो आला की आठवड्यात खुराडी ओस पडत, आणि पुन्हा सुरुवात करायची ती कोणाच्या तरी घरी वाचलेल्या एखाद्या खुडूक कोंबडीपासूनच. 1911 मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली आणि या पट्ट्याचा व्यापार बदलला. खुराड्याचा क्रम मात्र तसाच राहिला.

तो मोडला यंत्राने. 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली आणि पुढे 1982 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. वर्षाला पन्नास-साठ अंडी घालणाऱ्या गावरान कोंबडीच्या जागी तीनशेच्या घरात अंडी देणारी लेगहॉर्न आली. आणि खुडूक बसण्यात जाणारे दिवस वाया जातात म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातली ती प्रवृत्तीच घालविण्यात आली. ज्या गुणाची दफ्तराने शतकभर दखल घेतली नाही, तो अखेर हिशेबात आला तो तोटा म्हणून! पैदासकारांचा हिशेब चुकीचा नव्हता, परंतु पिंजऱ्याच्या त्या हिशेबात अर्धेलीची कोंबडी बसत नाही.

परसासाठी म्हणून ज्या सुधारित जाती पुढे निघाल्या, त्यांपैकी गिरिराज बंगळूरची. आणि ‘वनराजा’ जेथून दौऱ्याचे हुकूम सुटत त्याच हैदराबादची, राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संस्थेत तयार झालेली. या जातींच्या माद्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी यंत्रावाचून घरच्या घरी उबवायची असतील तर आजही टोपलीत भुसा पसरून त्यांवर गावरान कोंबडीच बसवावी लागते.