उत्तेजक द्रव्य सेवनातील ‘दुसरा नियमभंग’ : क्रीडा लवादांच्या निवाड्यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
उत्तेजक द्रव्य सेवनाबद्दल एकदा दोषी ठरलेल्या खेळाडूने पुन्हा तोच नियमभंग केल्यास त्यास अधिक कठोर शिक्षा व्हावी, हे तत्त्व क्रीडाविश्वात सर्वमान्य आहे. 1988 च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये दोषी ठरलेला कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन 1993 मध्ये पुन्हा सापडला, तेव्हा त्याच्यावर आजीवन बंदी घालण्यात आली. परंतु खेळाडू ‘दुसऱ्यांदा’ सापडला असे केव्हा म्हणावयाचे, हा प्रश्न शिक्षेच्या प्रमाणाहून अवघड आहे. मुंबईतील एक निवाडा व महाराष्ट्राच्या एका मल्लाचा खटला यांच्या आधारे त्याचा विचार येथे केला आहे.

मुंबईतील निवाडा :
2006 मध्ये पाकिस्तानचे गोलंदाज शोएब अख्तर व मोहम्मद आसिफ यांच्या नमुन्यांत नँड्रोलोन आढळले. पाकिस्तान क्रिकेट मंडळाच्या लवादाने आसिफला एक वर्षाची बंदी दिली. मात्र अपील समितीने डिसेंबर 2006 मध्ये दोघांनाही दोषमुक्त केले. जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेने, म्हणजेच ‘वाडा’ने, याविरुद्ध लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाकडे दाद मागितली. तेथे 2007 मध्ये प्रकरण अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच संपले.

पुढे 2008 च्या पहिल्या आयपीएलमध्ये दिल्लीकडून खेळताना आसिफ पुन्हा नँड्रोलोनसाठीच सापडला. विधिज्ञ शिरीष गुप्ते, डॉ. रवी बापट व सुनील गावसकर या त्रिसदस्य लवादापुढे हे प्रकरण आले. आसिफने डोळ्यांत घालावयाच्या औषधाचा खुलासा दिला. फेब्रुवारी 2009 मध्ये लवादाने त्यास एक वर्षाची बंदी दिली व ती 22 सप्टेंबर 2008 पासून मोजली.

वाडाच्या 2003 च्या संहितेत पहिल्या भंगास दोन वर्षे व दुसऱ्यास आजीवन बंदी होती; खेळाडूचा दोष लक्षणीय नसल्यास पहिल्या भंगाची शिक्षा निम्म्यापर्यंत कमी करता येई. म्हणजे 2006 ची घटना मोजली असती तर संहितेच्या मापाने आजीवन बंदी, न मोजल्यास एक ते दोन वर्षे! सामान्य क्रीडारसिकास तो ‘पुन्हा सापडलेला’ खेळाडू वाटला, हे स्वाभाविकच. तथापि, रद्द झालेला निर्णय पुढील शिक्षेचा पाया होऊ शकत नाही, आणि लवादाने त्यापलीकडे न जाणे प्रस्तुत लेखकास योग्यच वाटते.

दोन नमुने, एक भंग :
2011 ते 2013 असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला नरसिंग यादव याचे 25 जून व 5 जुलै 2016 रोजी घेतलेले दोन्ही नमुने मेथँडिएनोनसाठी दोषी आढळले. आपल्याविरुद्ध घातपात झाल्याचा त्याचा बचाव राष्ट्रीय संस्थेच्या (नाडा) समितीने ग्राह्य धरला. वाडाच्या अपिलावर क्रीडा लवाद न्यायालयाने मात्र तो पुराव्याअभावी फेटाळून 18 ऑगस्ट रोजी, रिओ ऑलिंपिकमधील त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी घातली. नमुने दोन असूनही बंदी आठ वर्षांची झाली नाही. कारण पहिल्या भंगाची सूचना मिळाल्यानंतर घडलेलाच भंग ‘दुसरा’ गणला जातो. ज्यास आपण सापडलो हे ठाऊकच नाही, त्याने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येत नाही. आखाड्यांतून तयार होणाऱ्या मल्लांना व त्यांच्या वस्तादांना हा नियम फारसा माहीत नसावा.

शिक्षेचे बदलते माप :
2003 ची सरसकट आजीवन बंदी पुढे टिकली नाही. 2009 च्या संहितेने दोषाच्या स्वरूपानुसार तक्ता दिला. दोन्ही भंग नेहमीच्या स्वरूपाचे असल्यास आठ वर्षे ते आजीवन बंदी होई. 2015 मध्ये दुसऱ्या भंगास, तो पहिला असता तर जी शिक्षा झाली असती तिच्या दुप्पट, हे प्रमुख माप आले आणि दहा वर्षांच्या आतील भंगच एकत्र मोजले जाऊ लागले. 2021 पासून या दुपटीच्या जागी कक्षा आली. आधी दोन वर्षे भोगलेल्या खेळाडूचा नवा भंग चार वर्षांच्या शिक्षेचा असेल, तर लवादास सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान निर्णय घ्यावा लागतो. सूचनेचा नियमही थोडा कडक झाला : सूचनेपूर्वीचाच, पण पहिल्या भंगापासून बारा महिने वा अधिक अंतरावर घडलेला भंग सिद्ध झाल्यास त्याची स्वतंत्र शिक्षा आधीच्या शिक्षेनंतर भोगावी लागते. नरसिंगच्या दोन नमुन्यांमधील अंतर दहा दिवसांचे होते.