सोंगट्यांचा पट आणि त्याची पेटी

पोथी बस्त्यांत बांधणारा संग्राहक सोंगट्यांचा पट मात्र अडगळींत टाकतो. आलापल्लीस आमच्याच घरीं तसें घडलें. कापडी पट भिंतीलगत पडला होता. एका पावसाळ्यांत वाळवीनें त्याची एक पट्टी, म्हणजे २४ घरें, फस्त केली. १६ सोंगट्या व ७ कवड्या सागाच्या पेटींत होत्या, म्हणून वांचल्या. मात्र वाळवीस दाद देत नाहीं तो सागाचा गाभा. सालीलगतचें पांढरें लाकूड ती सुखेनैव खाते. आलापल्लीचें सागवान एवढ्यावरच विसंबूं नये!

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेची १२० पानें त्यांच्याच रंगीत पेटींत राहत. एक हरवलें कीं डाव मोडला. पटाचे अवयव मात्र आम्ही निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवितों. औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मांचा १८७१ चा ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ खेळांचे नियम सांगतो. पण अमुक घरीं किती कवड्यांनीं खेळत, हें त्या घरची पिशवी उघडल्यावांचून कळणार कसें? सबब पट, सोंगट्या, कवड्या व पेटी यांची नोंद एकाच अंकाखालीं करावी.

आमचा उरलेला पट घडी न घालतां, गुंडाळून, आम्ही आतां त्याच पेटींत कवड्यांशेजारीं ठेविला आहे.