एका देहात दोन आजार

‘दंगल’ चित्रपटात छोट्या बबिताची भूमिका करणारी सुहानी भटनागर १६ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये गेली. वय अवघे १९. वर्तमानपत्रांत आजाराचे नाव आले: डर्मॅटोमायोसायटिस. आम्हा मास्तर लोकांना शब्द फोडून पाहायची खोड असते. डर्मा म्हणजे कातडी, मायो म्हणजे स्नायू आणि उरलेला तुकडा म्हणजे दाह. कातडी आणि स्नायू एकाच शब्दात कसे आले, याचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

१८६३ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट वॅग्नर यांनी अशा रोग्याचे वर्णन केले. १८९१ मध्ये हाइनरिख उनव्हेरिख्ट यांनी त्याला हे जोडनाव दिले. पापण्यांवर जांभळट लाली, बोटांच्या पेरांवर चट्टे आणि मांड्या-दंडांत एवढी अशक्ती की उकिडवे बसलेले माणूस आधाराशिवाय उठू शकत नाही.

कारण मात्र कळेना. शरीर स्वतःवरच उलटणे टाळते, असे पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते. पुढच्यांनी त्याचा अर्थ ‘असे घडतच नाही’ असा घेतला. ही समजूत मोडायला १९५० चे दशक उजाडले. कुंपणच शेत खाते, हे आपल्याकडे म्हणीत होते. वैद्यकाला ते मान्य करायला एवढा काळ लागला!

मग पुढचा पेच आला. काही रोग्यांत स्नायूंचा दाह, कातडी आवळणारा स्क्लेरोडर्मा आणि ल्युपस यांची लक्षणे एकत्र दिसत. १९७२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे दुष्काळ पडला त्या साली, अमेरिकेत गॉर्डन शार्प आणि सहकाऱ्यांनी अशा २५ रोग्यांचा अभ्यास छापला. त्यांच्या रक्तात एक ठरावीक प्रतिपिंड सापडले. १९७५ मध्ये बोहन आणि पीटर यांनी स्नायूदाहाचे पाच गट पाडले. त्यातला पाचवा गट अशा जोड-आजारांचाच होता.

वाचकहो, हा नुसता नावांचा खेळ नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी चेहऱ्यावरची लाली कातडीच्या डॉक्टरांना दाखवली आणि जिना चढवत नाही हे हाडांच्या डॉक्टरांना सांगितले. दोघांनीही आपापल्या परीने औषध दिले. दोन्ही तक्रारी एकाच केसपेपरवर यायला आठ महिने गेले. तोवर घास गिळणेही जड झाले होते. असे आजार लवकर ओळखले तर उपचारांना जास्त वाव मिळतो, म्हणून हे आठ महिने मला फार मोठे वाटतात.

शाळेत आम्ही भूगोलाचा तास वेगळा आणि इतिहासाचा वेगळा ठेवतो, ती आमची सोय. दवाखान्यातले विभागही सोयीसाठीच असतात. देहाला ते वेळापत्रक ठाऊक नसते. म्हणून डॉक्टरांपुढे बसलात की ‘हे यांना काय सांगायचे’ असे मनात आणू नका. अंगावरचे आणि अंगातले, दोन्ही सांगा.